आमच्या ट्रूपचा ट्रेलर

परवा एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो, तिथे एकाने सहज विचारलं की तुमच्या कॅथलिक लोकांनी ते बॉय स्काउट सोडलं ना, गे मुलांना घ्यायला लागले म्हणून. माझ्या तोंडात घास होता, त्यामुळे मी मान अशी काहीतरी हलवली की ती हो पण नाही आणि नाही पण नाही. घरी येताना गाडीत बायको म्हणाली, अरे तू बारा वर्षं त्या ट्रूपच्या कमिटीवर होतास, तुला दोन वाक्यांत सांगता आलं नाही? नाही आलं. म्हणून इथे लिहितोय, आणि दोन वाक्यांत होणार नाहीच, आधीच सांगून ठेवतो.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. अमेरिकेत स्काउटचा ट्रूप, म्हणजे गावातल्या स्काउट मुलांचा गट, ही मुख्य ऑफिसची शाखा नसते. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका कार्यक्रम देते, पुस्तकं, बॅजेस, नियम, ट्रेनिंग देते, पण ट्रूप कुणाचा तर जो चार्टर (ट्रूप चालवायचा परवाना) घेतो त्याचा. चर्च, लायन्स क्लब, फायर स्टेशन, शाळेची पालक संघटना, कुणीही. आमचा ट्रूप पॅरिशचा होता (म्हणजे एका चर्चखालचा भाविकांचा समाज, वसईकडे आपण ज्याला धर्मग्राम म्हणतो ते). म्हणजे हॉल चर्चचा, दरवर्षी चार्टरवर सही चर्चची, आणि स्काउटमास्टर कोण असावा याला मान्यता पण फादरांची. त्यामुळे टेक्ससमधल्या मुख्य ऑफिसात बसून कुणी पॉलिसी बदलली की ती थेट आमच्या फादरांच्या टेबलावर येऊन पडायची, मग त्यांना तो विषय हवा असो की नसो.

आणि हे काही दोनचार चर्चपुरतं नव्हतं. २०१३ च्या सुमारास सत्तर टक्क्यांहून जास्त युनिट्स (म्हणजे ट्रूपसारखे गट) धार्मिक संस्थांकडे होती. सगळ्यात पुढे मॉर्मन चर्च, मग मेथडिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथ, आणि तिसरे आपण कॅथलिक, साधारण ८,४०० युनिट्स आणि पावणेतीन लाखाच्या आसपास मुलं. स्काउटिंग अमेरिकेत आलं १९१० मध्ये आणि जवळपास तेव्हापासूनच कॅथलिक पॅरिशेस त्यात आहेत. आम्ही पाहुणे वगैरे नव्हतो, घरातलेच होतो, म्हणून तर भांडणही घरातल्यासारखं झालं.

आता पॉलिसी. गे व्यक्तीला सदस्य किंवा लीडर होता येणार नाही ही भूमिका जुनीच होती आणि ती सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आली होती. जेम्स डेल नावाच्या न्यू जर्सीतल्या असिस्टंट स्काउटमास्टरला काढलं होतं, त्या केसचा निकाल २००० मध्ये लागला, ५ विरुद्ध ४, आणि कोर्ट म्हणालं की खासगी संस्थेला आपले सदस्य निवडायचा हक्क आहे. म्हणजे कायद्याने स्काउट जिंकले. पण कायद्याने जिंकून देणग्या देणाऱ्या कंपन्या काही थांबत नाहीत, आणि दहाबारा वर्षांत देशाचं वारंच फिरलं. २०१३ च्या फेब्रुवारीत निर्णय घेणार घेणार म्हणून पुढे ढकलला, आणि शेवटी २३ मे २०१३ ला टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइनला साधारण १,४०० प्रतिनिधींनी मतदान केलं. साठ टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले की केवळ लैंगिक कल किंवा पसंती यावरून कुठल्याही मुलाला नाकारायचं नाही. १ जानेवारी २०१४ पासून लागू. मोठ्यांवरची बंदी मात्र तशीच.

म्हणजे बघा काय गंमत झाली. सतरा वर्षांचा गे मुलगा ईगल स्काउट (स्काउटमधली सगळ्यात वरची पायरी) होऊ शकतो, आणि अठराव्या वाढदिवसाचा केक कापला की त्याच ट्रूपमध्ये असिस्टंट म्हणून उभा राहू शकत नाही. असल्या मधल्या रेषा फार टिकत नाहीत हे त्या दिवशीच दिसत होतं, पण आम्ही सगळ्यांनी तसं न दिसल्यासारखं केलं. मी सुद्धा.

त्या ठरावात अजून एक वाक्य होतं, ज्यावर सगळा कॅथलिक युक्तिवाद उभा राहिला. स्काउटच्या वयातल्या मुलांनी कुठलंही लैंगिक वर्तन करणं, मग ते समलिंगी असो वा भिन्नलिंगी, स्काउटिंगच्या मूल्यांविरुद्ध आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. नॅशनल कॅथलिक कमिटी ऑन स्काउटिंग नावाची एक समिती आहे, कॅथलिक स्काउटिंगचं काम बघते, बहुतेक प्रापंचिक लोकांची, त्यांच्यासोबत एक बिशप सल्लागार असतात. त्यांनी आधी जरा सावध पवित्रा घेतला, प्रार्थनापूर्वक विचार करतो म्हणाले, आणि मग काही दिवसांत त्यांचं म्हणणं आलं की नवी पॉलिसी चर्चच्या शिकवणीच्या विरोधात जात नाही. का? तर चर्च कल आणि कृती यात फरक करतं, ठरावही तोच फरक करतोय. उलट व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनचे बिशप लव्हर्डी यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, बाहेरच्या दबावाला बळी पडलात असा त्यांचा सूर होता, आणि स्काउटशी असलेल्या नात्याचा फेरविचार करावा लागेल असं म्हणाले. वॉशिंग्टन राज्यात ब्रेमर्टनला एका पॅरिशने तर लगेच नातं तोडायचं जाहीर केलं. एकाच चर्चमधली ही तीन उत्तरं, आणि तीही थोड्याच दिवसांत. बाहेरच्या लोकांना वाटतं की आमच्यात वरून एक आदेश येतो आणि खाली सगळे मान डोलावतात. येऊन बघा एकदा पॅरिशच्या मीटिंगला.

आमची मीटिंग जूनमध्ये झाली. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा, कब स्काउट (लहान मुलांचा गट), पुढच्या वर्षी ट्रूपमध्ये जाणार म्हणून नव्या स्लीपिंग बॅगचं स्वप्न बघत होता. हॉलमध्ये चाळीसएक पालक, एक फादर, एक डीकन (फादरांच्या खालचा दीक्षित सेवक), आणि कॉफीचा तो मोठा स्टीलचा डबा ज्याचा नळ कायम गळतो. मोठी मुलं बाहेर पार्किंगमध्ये बॉल खेळत होती आणि प्रत्येक वेळी बॉल भिंतीवर आपटला की कुणीतरी दचकायचं.

पहिला बोलला तो ज्याला मी इथे ट्रकवाला म्हणेन. प्लंबिंगचा धंदा, पाच मुलं, रविवारी पहिल्या बाकावर, आणि ट्रूपचा कनूचा (वल्ह्याच्या होड्यांचा) ट्रेलर ओढायला पुरेल असा ट्रक संपूर्ण पॅरिशमध्ये फक्त त्याच्याकडे. तो कॅटेकिझम (चर्चच्या अधिकृत शिकवणीचं पुस्तक) घेऊनच आला होता. त्याने २३५७ क्रमांकाचा परिच्छेद वाचला, ज्यात समलिंगी कृत्यांबद्दल चर्च काय म्हणतं ते आहे, आणि ते कडक आहे, ते कुणी साखर लावून सांगण्यात अर्थ नाही. मग एक आई उठली, नर्स आहे ती, तिने फोनवर २३५८ काढला होता, की अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावं आणि अन्यायकारक भेदभावाची कुठलीही खूण टाळावी. ट्रकवाला म्हणाला, अन्यायकारक हा शब्द तिथे उगाच घातलेला नाही, प्रत्येक भेदभाव अन्यायकारक नसतो. ती म्हणाली, अकरा वर्षांच्या मुलाला कॅम्पला येऊ नको म्हणणं तुझ्या मते न्याय आहे का. तो म्हणाला, मी मुलाबद्दल बोलतच नाहीये, मी संस्थेबद्दल बोलतोय.

आणि खरं सांगायचं तर तिथेच मला कळलं की हे दोघं शिकवणीवरून भांडतच नाहीयेत. दोघांच्याही हातात एकच पुस्तक, एकच पान. एकाच्या डोळ्यासमोर संस्था आहे जी एकदा झुकली की झुकतच जाणार, आणि दुसरीच्या डोळ्यासमोर एक पोरगा आहे, नाव नसलेला. शेवटी डीकन उठला, म्हातारा माणूस, त्याने २३५७, २३५८, २३५९ असे तीनही परिच्छेद सलग वाचले, हळू, आणि खाली बसला. स्वतःचं एक वाक्य पण नाही. तिसऱ्या परिच्छेदात शुद्धतेची हाक आहे, आणि ती हाक प्रत्येक ख्रिस्ती माणसाला आपापल्या परीने आहेच, लग्न झालेल्यांना पण. हॉलमध्ये मिनिटभर कुणी बोललं नाही. मग कुणीतरी विचारलं की समर कॅम्पचे पैसे कधीपर्यंत भरायचे.

मी काय बोललो? काहीच नाही. मला राहायचं होतं, आणि माझं कारण धर्मशास्त्रातलं नव्हतं, माझ्या मुलाला तंबूत झोपायचं होतं एवढंच होतं. नंतर बरीच वर्षं मी याला तात्त्विक भूमिका म्हणून खपवलं ते वेगळं.

फादरांनी चार्टर चालू ठेवला. चार कुटुंबं गेली, त्यात ट्रकवाला. तो ट्रेल लाइफकडे गेला, ही त्याच वर्षी उभी राहिलेली नवी ख्रिस्ती संघटना, २०१४ च्या सुरुवातीला सुरू झाली, मुख्यतः इव्हँजेलिकल (प्रॉटेस्टंटांमधला एक प्रवाह) लोकांची पण कॅथलिक चालतात. मुलींसाठी अमेरिकन हेरिटेज गर्ल्स आधीपासूनच होतं, १९९५ पासून, गर्ल स्काउट्सवर नाराज झालेल्या पालकांनी काढलेलं. पूर्णपणे कॅथलिक असं हवं असेल तर ट्रूप्स ऑफ सेंट जॉर्ज निघालं, ते पण २०१३ मध्येच, ज्यात बाप आणि मुलगे एकत्र कॅम्पला जातात. आणि एक फेडरेशन ऑफ नॉर्थ अमेरिकन एक्सप्लोरर्स, हे युरोपातल्या स्काउट्स ऑफ युरोपच्या परंपरेतलं, ज्याला व्हॅटिकनची मान्यता आहे, त्यांच्या कॅम्पमध्ये मिस्सा (आमची सामूहिक उपासना) हा कार्यक्रमातला एक तास नसतो तर दिवसाचा कणाच तो असतो.

हे शेवटचं बघून मला जरा हेवा वाटला होता हे कबूल करतो. कारण आमच्या ट्रूपमध्ये कॅथलिक असं नक्की काय होतं? रविवारी सकाळी कॅम्पला फादर आले तर मिस्सा, नाही आले तर पॅनकेक. दहा मुलं आद आल्तारे देई मेडलसाठी धर्मशिक्षण करायची, बाकीच्यांना ते नाव उच्चारताही यायचं नाही, आणि ट्रूपमधली निम्मी मुलं कॅथलिक नव्हतीच, दोन तर गुजराती जैन होती आणि चिली कुकऑफमध्ये त्यांचं वेगळं पातेलं असायचं. पॉलिसी बदलली म्हणून आमची कॅथलिक ओळख धोक्यात आली असं जे म्हणत होते, त्यांना मला विचारावंसं वाटायचं की ती आधी कुठे ठेवली होती.

तसं हे जुनंच दुखणं आहे. स्काउटिंग १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालं तेव्हा युरोपातल्या कॅथलिक लोकांना ते संशयास्पदच वाटत होतं, प्रॉटेस्टंट, निसर्गाला देव मानणारं वगैरे. मग जॅक सेव्हँ नावाचा फ्रेंच जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातला) १९१३ मध्ये इंग्लंडला गेला, स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलना भेटला, सगळं नीट पाहिलं, आणि म्हणाला की हे तर आपलं करता येईल. १९२० मध्ये फ्रान्समध्ये कॅथलिक स्काउट उभे राहिले ते त्याच्यासारख्यांमुळे. म्हणजे आत शिरून आपलं करायचं की बाहेर पडून वेगळं काढायचं, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीपण होता. तेव्हा गे मुलांचा विषयही नव्हता.

त्या मीटिंगनंतर महिनाभराने, जुलै २०१३ च्या शेवटी, पोप फ्रान्सिस रिओहून परत येताना विमानात पत्रकारांशी बोलले आणि ते प्रसिद्ध वाक्य आलं, की कुणी गे असेल आणि देवाला शोधत असेल, त्याची इच्छा चांगली असेल, तर त्याचा न्याय करणारा मी कोण. दुसऱ्या दिवशी त्या नर्स बाईने ते कमिटीच्या सगळ्यांना ईमेल केलं, विषयाच्या ओळीत नुसतं एक स्माईली. मला ते आवडलं नाही. म्हणजे वाक्य आवडलं, ईमेल नाही आवडला. पोपचं वाक्य हे काठी नाही, एकमेकांच्या पाठीत घालायला.

मग आलं २०१५. रॉबर्ट गेट्स, जे आधी संरक्षण मंत्री आणि त्याआधी सीआयएचे प्रमुख होते, ते तेव्हा बॉय स्काउट्सचे अध्यक्ष. मे महिन्यात ते उघडच म्हणाले की मोठ्यांवरची बंदी टिकवता येणार नाही. जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाचा निकाल दिला, आणि २७ जुलैला स्काउटच्या बोर्डाने ४५ विरुद्ध १२ मतांनी मोठ्यांवरची देशपातळीवरची बंदी उठवली. पण धार्मिक संस्थांना सूट ठेवली की तुमच्या श्रद्धेप्रमाणे लीडर निवडायचा हक्क तुमचाच.

इथे कॅथलिक अडचण खरी सुरू झाली, कारण आता विषय मुलांचा नव्हता. मुलाच्या बाबतीत कल आणि कृती वेगळी करणं सोपं आहे. पण लग्न केलेला, नवऱ्यासोबत राहणारा माणूस स्काउटमास्टर व्हायला आला तर? तो मुलांसमोर आदर्श म्हणून उभा राहणार, आणि चर्च तर लग्न म्हणजे स्त्री आणि पुरुष असंच शिकवतं. राष्ट्रीय कॅथलिक कमिटीने पण यावेळी काळजीचा सूर लावला, लैंगिक कल या शब्दाचा अर्थ नुसता कल असाच घेतला जाईल ना, त्यात वर्तन पण गुपचूप येणार नाही ना, असं त्यांचं म्हणणं होतं. पण कॅथलिक लीडर निवडायचं स्वातंत्र्य दिलंय म्हणून राहता येईल असंही म्हणाले. नॉर्थ डाकोटातल्या बिस्मार्कचे बिशप केगन यांना ते पटलं नाही. त्यांनी ऑगस्टमध्ये अख्ख्या धर्मप्रांताचं (बिशपच्या हाताखालच्या सगळ्या भागाचं) नातं तोडलं, सगळ्या पॅरिशेस, सगळ्या शाळा, तात्काळ, आणि पालकांना दुसरे कॅथलिक पर्याय सुचवले. बाकी बहुतेक धर्मप्रांतांनी असं काही केलं नाही.

मला तेव्हा बिशप केगन आततायी वाटले होते. आता तितके वाटत नाहीत. त्यांच्या निर्णयाशी मी आजही सहमत नाही, पण सूट म्हणजे संरक्षण नाही हे त्यांनी ओळखलं होतं, आणि मी मात्र कमिटीत छातीठोकपणे सांगत होतो की कागदावर लिहून दिलंय ना, मग झालं. कागदावर लिहिलेलं कोर्टात किती टिकेल हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

आमच्याकडे प्रत्यक्षात काय झालं? कुणी आलंच नाही. बारा वर्षांत एकही गे माणूस आमच्या ट्रूपमध्ये स्काउटमास्टर व्हायला आला नाही, खरं तर कसाही माणूस यायला तयार नव्हता, दर सप्टेंबरला आम्ही मिस्सा संपल्यावर दारात उभे राहून लोकांच्या हातापाया पडायचो की असिस्टंट तरी व्हा. आणि मुलगा? एक होता. ट्रूप सोडल्यावर कॉलेजात गेल्यावर त्याने सांगितलं. तो त्या जूनच्या संध्याकाळी बाहेर भिंतीवर बॉल आपटणाऱ्यांपैकी एक होता. याहून जास्त मी त्याच्याबद्दल लिहिणार नाही, त्याची गोष्ट त्याची.

पुढचं पटकन सांगतो. २०१७ च्या जानेवारीत ट्रान्सजेंडर मुलांना घ्यायला लागले, फॉर्मवर जे लिहिलंय तेच धरायचं असं ठरलं. कॅथलिक कमिटी म्हणाली की आमच्या युनिट्सच्या कामावर याचा परिणाम नाही. मग मुली आल्या, आधी कब्समध्ये, मग २०१९ च्या फेब्रुवारीपासून मोठ्या ट्रूपमध्ये. त्यावर आमच्या हॉलमध्ये जी मीटिंग झाली ती वीस मिनिटांत संपली आणि त्यातली पंधरा मिनिटं बाथरूम किती आहेत यावर गेली. ८ फेब्रुवारी २०२५ ला, संस्थेचं नाव पण बदलून स्काउटिंग अमेरिका झालं. तोपर्यंत मॉर्मन चर्च २०१९ च्या शेवटी आपली लाखो मुलं घेऊन कधीच बाहेर पडलं होतं.

आणि आता त्या जेवणातल्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या पॅरिशने चार्टर सोडला तो या कशामुळेच नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत बॉय स्काउट्सनी दिवाळखोरी जाहीर केली. कारण होतं लैंगिक शोषणाचे दावे, अनेक दशकांतले, ८२,००० च्या वर. शेवटी २४६ कोटी डॉलरचा समझोता झाला. आणि त्या दाव्यांमध्ये नुसते स्काउट्स नव्हते, ज्या चर्चनी, ज्या संस्थांनी त्या ट्रूप्सचा चार्टर घेतला होता त्या पण ओढल्या गेल्या. मेथडिस्ट लोकांनी तीन कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं की स्काउटच्या इन्शुरन्सखाली आपण सुरक्षित आहोत, आणि वकिलांनी येऊन सांगितलं की तसं धरून चालू नका. मग काही धर्मप्रांतांनी आपल्या पॅरिशेसना कळवलं की चार्टर घेऊ नका, फार तर हॉल वापरायला द्या, करार करून.

आमच्याकडे ते पत्र एका मंगळवारी आलं. दीड पान. त्यात कॅटेकिझमचा एक पण परिच्छेद नव्हता, पोप नव्हते, कल नव्हता, कृती नव्हती. दायित्व, विमा, नूतनीकरण न करणे. नवे फादर बिचारे वाचून दाखवत होते आणि समोर आम्ही सात जण. २०१३ मध्ये चाळीस होतो. त्या चाळिसात कुणीही, अगदी कुणीही, शोषण हा शब्द काढला नव्हता. आम्ही मुलांच्या भल्याबद्दल दोन तास भांडलो, आणि मुलांना खरा धोका कुठून होता, त्या हजारो दाव्यांतल्या मुलांना कुठून होता, तो विषय टेबलावरच नव्हता. कॅथलिक असून. आपल्याला तर तो विषय तोंडपाठ असायला हवा होता.

ट्रूप बंद नाही पडला. फायर स्टेशनवाल्यांनी चार्टर घेतला. आमच्या स्टोअररूममधून तंबू, डच ओव्हन, झेंडे सगळं हलवायचं होतं, आणि अर्थात कनूचा ट्रेलर. त्याची टायर बसलेली, दिवे मेलेले. मी कमिटीच्या ग्रुपवर विचारलं की कुणाकडे ओढण्यासारखी गाडी आहे का, कुणाकडेच नव्हती, मग नर्स बाईंनीच त्याला फोन केला. शनिवारी सकाळी ट्रकवाला आला, सोबत हवा भरायचा पंप आणि दिव्यांची नवी वायर घेऊन, आणि हुक लावताना मला म्हणाला की २०१३ पासून दर उन्हाळ्यात हा मीच ओढलाय, तुला माहीत नव्हतं? मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं भाड्याने आणतात.